टोपीला लागलेला हात

मान अजून हलतच होती. ओटा पुसताना डेलियाचं कोपर खिडकीतल्या बाहुल्याला लागलं होतं, आणि आता फडकं धुऊन, पिळून, नळावर पसरून झालं तरी तो आपला होय होय म्हणतोच आहे... स्प्रिंगवर बसवलेलं तिच्या नवऱ्याचं, वेसचं डोकं, अंगापेक्षा मोठं, गुळगुळीत. गालांवर कुठल्याशा कारखान्यात कुणीतरी भरलेली लाली. अंगात हेरन्स या बेसबॉल संघाचा निळा सदरा, आणि उजवा हात टोपीच्या कडेला लागलेला. तो हात मात्र त्यांनी बरोबर साधला होता. दर डावात मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला, की वेस एकदा समोरच्या मुख्य स्टँडकडे मान वर करून बघायचा आणि टोपीला हात लावायचा. सगळ्या गावाला वाटायचं, हा आपल्याला नमस्कार. म्हणून तर क्लबनं त्याचा बाहुला काढला आणि ऑगस्टमधल्या एका सामन्याला फाटकावर फुकट वाटला. माणसं दुपारपासून रांगेत उभी होती.

डेलियाला ठाऊक होतं की तो हात गावासाठी नाही. खेळाडूंच्या घरच्यांची जागा मुख्य स्टँडमध्येच, फलंदाजाच्या बरोबर मागे. ती तिथून दोन बोटं वर करायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, वेसलासुद्धा नाही. सांगितल्या की जातात अशा काही गोष्टी असतात, त्यातली ही एक.

तिनं बोटानं मान धरून थांबवली.

वेस सकाळीच बाहेर पडला होता, तिची गाडी घेऊन. बर्फात चालायचे टायर बसवून आणतो म्हणाला. अंडी खाताना काटा डाव्या हातात होता. ती बघते आहे हे कळल्यावर त्यानं तो उजव्या हातात घेतला, दोन घास खाल्ले, आणि मग पुन्हा... जुलैपासून हे चाललं आहे. तो उजव्या कुशीवर झोपू शकत नाही, बाळाला, ओवेनला उचलतो तेव्हा आधी श्वास धरतो, आणि मैदानात हल्ली चार पावलं पुढे उभा राहतो. चेंडू तेवढ्या लांबून फेकायला लागू नये म्हणून. प्रशिक्षकांना वाटतं, काय धाडसी झालाय हा. उजवा खांदा दुखतो हे क्लबच्या डॉक्टरांना माहीत नाही, एजंटला माहीत नाही. आणि याच खांद्यानं त्यानं आयुष्यातला सगळ्यात चांगला हंगाम खेळून काढला. हे कसं झालं ते तिला समजत नव्हतं. माणूस एखाद्या गोष्टीपासून पळत असला की वेगात पळतो, असं तिच्या मनात एकदा येऊन गेलं होतं. पण कशापासून, ते तिनं विचारलं नव्हतं.

दर डिसेंबरात सगळ्या संघांचे व्यवस्थापक दक्षिणेकडच्या एखाद्या उबदार गावातल्या हॉटेलात जमतात आणि माणसांची अदलाबदल करतात. तुमचा हा द्या, आमचे ते दोन घ्या. ज्याची झाली त्याला फोन येतो. कधी फोनच्या आधी बातमी येते. यंदा वेसचं नाव घेतलं जात होतं, कारण हंगाम चांगला गेला होता... वाईट गेला असता तर कुणी विचारलं नसतं, सुखानं राहिलो असतो. काल तिनं विचारलं होतं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, "पाठवतील तिथे जायचं." आणि मान हलवली. थेट त्या बाहुल्यासारखी.

ओवेन चालत्या गाडीतच झोपायचा. आठ महिन्यांचा झाला तरी पाळण्यात ठेवला की डोळे उघडे, आणि त्याचे डोळे उघडे असले की डेलियाला बरं वाटायचं, हे तिनं डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. झोपला की भीती. झोपला की ती बोट त्याच्या नाकाशी धरायची. तिनं त्याला वेसच्या ट्रकमधल्या त्याच्या खुर्चीत बांधलं, दोनदा पट्टा ओढून बघितला, बाहुला पिशवीत घातला आणि किल्ली फिरवली. रेडिओ मोठ्यानं सुरू झाला. खेळांचं स्टेशन. दुपारी लोकांचे फोन घेणारा डॉनी.

'मी नाही ते ऐकत,' असं वेस नेहमी म्हणायचा. सगळेच खेळाडू म्हणतात. तिनं आवाज कमी केला, बंद नाही केला.

बाहुला मिसेस पावलकचा होता. दुकानात चीजच्या काउंटरवर बसायची ती, आणि सहीसाठी म्हणून तिनं तो गेल्या महिन्यात दिला होता; वेस रोज म्हणायचा करतो, आणि करत नव्हता. आज परत देऊन टाकावा असं डेलियानं ठरवलं होतं. न जाणो, उद्या सामान बांधायची वेळ आली तर दुसऱ्याची वस्तू कशाला आपल्याकडे...

ओवेनला कडेवर घेऊन ती दुकानात शिरली. मिसेस पावलकनं बाहुल्याचे पाय उलटे करून बघितले. सही नाही म्हटल्यावर तो काउंटरवरून परत सरकवला. "सहीशिवाय नको. सही व्हायची आहे तोवर तो गावात आहे, असं धरून चालते मी." मग चीज कापता कापता तिनं आपल्या नवऱ्याचं सांगितलं, म्हातारा सकाळपासून वेसला विका, विका करतोय, आत्ता भाव आहे म्हणतो. "मी म्हटलं, तुला विकायला काढला असता ना, तर बदल्यात कुणी पिशवीभर बटाटे दिले नसते. गप सूप पी." मागे रांगेतली दोन माणसं हसली. एकजण म्हणाला की म्हाताऱ्याचं खोटं नाही हो, क्लबला गोलंदाज नाहीत. मिसेस पावलकनं सुरी हातात तशीच धरून त्याच्याकडे नुसतं बघितलं, तो पावाच्या रांगेकडे निघून गेला. मग तिनं चीजचा एक पातळ काप कागदात गुंडाळून वेगळा दिला, बाळासाठी, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "पोरी, आम्ही त्याला तेव्हा एकटं सोडलं नाही. आता तो आम्हाला सोडून जायचा नाही."

तेव्हा. गावात सगळे तेवढंच म्हणतात, तेव्हा. नाव घेत नाहीत. जून हे नाव घ्यायला जिभेला काय त्रास पडतो?

ट्रक आपोआप टेकडीवरच्या दफनभूमीकडे वळला. म्हणजे तिनंच वळवला. दर आठवड्याला ती इथे येते, तळ्यावरून वारा चढतो त्या बाजूला, फाटकापासून तिसऱ्या मेपलच्या झाडाखाली. आज बर्फ गुडघाभर होतं आणि ओवेन झोपला होता. त्याला उठवून थंडीत न्यायचं की एकटा गाडीत ठेवायचा... दोन्ही करता येण्यासारखं नव्हतं. ती इंजिन चालू ठेवून फाटकाशीच बसून राहिली. एका लेकरासाठी दुसऱ्याला सोडायचं नाही, दुसऱ्यासाठी पहिलीला सोडायचं नाही, आणि मध्ये ही काच. बाजूच्या सीटवर पिशवीतून डोकं बाहेर काढून बाहुला इंजिनाच्या थरथरीबरोबर होय होय म्हणत होता.

जून, त्यांची पहिली लेक, थोडेच दिवस होती. सगळे दिवस मुलांच्या इस्पितळात, वरच्या मजल्यावर. एप्रिल होता, संध्याकाळी स्टेडियमचे दिवे लागायचे आणि खोलीची ती एक भिंत पांढरी व्हायची. वेस तिला नळ्यांसकट उचलून खिडकीशी न्यायचा. "बघ जून, तिथे बाबा कामाला जातो." नर्स रागवायची, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच नळ्या सांभाळायला उभी राहायची... मग क्लबनं शोकाची रजा दिली, ती संपली, वेस मैदानात परतला त्या संध्याकाळी उजव्या कोपऱ्यातले सगळे प्रेक्षक उठून उभे राहिले, आवाज न करता. त्यानं वर बघितलं आणि टोपीला पहिल्यांदा हात लावला. तिनं दोन बोटं वर केली. वाटलं, आपण दोघं अजून आहोत.

या टेकडीवर तो पुन्हा आला नाही. एकदाही नाही. तिनं त्याला त्याबद्दल काही म्हटलं नव्हतं, पण मनात एक रकाना रिकामा ठेवला होता आणि त्यात दर आठवड्याला फुली पडत होती. आता इथून उचलून न्यायचं म्हणताहेत. वेसला न्या, घर न्या, ओवेनचा पाळणा न्या... तिला कोण नेणार? बर्फाखाली तिच्याजवळ कोण येईल?

रेडिओवर कुणी म्हणत होता, खूप दिवसांपासून ऐकतोय, आज पहिल्यांदाच बोलतोय. सगळे अशीच सुरुवात करतात. चढत्या भावात विकावं, असं तो म्हणाला. वेस टॅलमन एकतिसाचा झाला, याहून बरा तो आता व्हायचा नाही. डॉनीनं त्याला शाबासकी दिली आणि नंबर सांगितला. नंबर तिला पाठ होता. हे कसं? कधी पाठ झाला?

तिनं तो लावला. आधी स्टेशनवरचा एक मुलगा फोनवर आला, नाव विचारलं.

"जून," ती म्हणाली.

विचार करून नाही म्हणाली. दुसरं कुठलं नाव तोंडाशी नव्हतंच, गेले वीस महिने ओठांवर येऊन थांबलेलं तेवढं एकच होतं. मुलानं रेडिओ बंद करायला सांगितला, नाहीतर आवाज घुमतो. आम्ही काही सेकंद मागे असतो, म्हणाला. तिनं बंद केला. मग डॉनी, कानाच्या अगदी आत.

"बोला जूनबाई. ठेवायचा की विकायचा?"

खूप दिवसांपासून ऐकतेय, पहिल्यांदाच बोलतेय, असं ती म्हणाली आणि तिला स्वतःचा आवाज शहाणा वाटला. तिनं तळ्याच्या वाऱ्याबद्दल सांगितलं, उजव्या कोपऱ्यातला चेंडू हवेत कसा वळतो आणि तो ओळखायला नवा माणूस किती वर्षं घेईल. लोकांचा त्याच्यावर जीव आहे, हे सांगितलं. डॉनी ऐकत होता. जीव लावून सामने जिंकता येत नाहीत, तो म्हणाला, पण सभ्यपणे म्हणाला. "आणि एक सांगू बाई? तुम्ही त्याच्यासाठी भांडताय, पण तोच जायला निघालाय. माझ्या कानावर पक्कं आलंय. त्यानं स्वतः जाऊन सांगितलं, मला इथून न्या."

"नाही," ती म्हणाली.

"मीही आधी नाहीच म्हटलं होतं."

"नाही. त्याला कोण घेणार? त्याचा उजवा खांदा गेलाय. रात्री त्याला त्या कुशीवर वळता येत नाही..."

मग डॉनीचा आवाज, अगदी हळू, त्यात रेडिओवरचा डॉनी नव्हताच: "तुम्हाला कसं माहीत, बाई?"

तिनं फोन बंद केला. ओवेनकडे बघितलं, छाती वर येत होती, खाली जात होती. आणि का कुणास ठाऊक, हात रेडिओकडे गेला. रेडिओ काही सेकंद मागे होता. त्या सेकंदांत अजून काहीच झालं नव्हतं. एक बाई सांगत होती की नाही, त्याला कोण घेणार, आणि डेलियाला वाटलं, कुणीतरी हिला थांबवा, त्या मुलाजवळ बटण असेल, दाब ना रे... कुणी दाबलं नाही. त्याचा उजवा खांदा गेलाय. सगळ्या गावाला, दक्षिणेतल्या त्या हॉटेलाला, उद्या हात लावून बघणाऱ्या डॉक्टरला. मी सांगितलं. मला राहायचं होतं म्हणून सांगितलं, की तो जायला निघाला म्हणून? मला माहीत नाही. टायरच्या दुकानात तो बाकावर बसला असेल आणि भिंतीवरच्या रेडिओतून त्याची बायको जून नावानं बोलली असेल.

मला इथून न्या.

कुठून, वेस?

आणि तेव्हा तिला तो मोजा आठवला. हंगामाच्या शेवटच्या सामन्यानंतर घरच्यांना मैदानात उतरू देतात. मुलं पळतात, बायका बूट काढून गवतावर चालतात. ओवेनचा एक मोजा उजव्या कोपऱ्यात कुठेतरी पडला होता, आणि तो शोधत ती बरोबर वेसच्या जागेवर, जिथे गवत त्याच्या पायांनी पिवळं पडलं होतं, तिथे उभी राहिली होती. मोजा सापडला. मान वर केली. समोर मुख्य स्टँड, त्यात आपली रिकामी खुर्ची, केवढीशी, ओळखूसुद्धा येईना. आणि स्टँडच्या छपरावरून, अगदी त्याच रेषेत, वर, इस्पितळाचा वरचा मजला. दिवे लागलेल्या खिडक्या. तिनं ते बघितलं होतं. बघून मोजा ओवेनच्या पायात चढवला होता आणि घरी आली होती.

खुर्चीत बसलं की ते आपल्या पाठीमागे येतं. म्हणून कधी दिसलं नाही.

म्हणजे प्रत्येक डावात, घरच्या प्रत्येक सामन्यात, दोन हंगाम. तो मान वर करायचा, तिच्या डोक्यावरून बघायचा, तिची दोन बोटं मध्येच कुठेतरी वर व्हायची, आणि त्याचा हात टोपीला लागायचा. बघ जून, बाबा कामाला आलाय. गावानं त्याचा बाहुला केला, तिनं त्याचा पुरावा केला, आणि तो टेकडीवर येत नाही म्हणून आठवड्याला एक फुली मारली. तो रोज तिथेच तर जात होता. दिवे लावून, तीस हजार माणसांसमोर... आणि आता ते त्याला झेपेनासं झालं असेल. खांदा नव्हे. ते.

तो हात आपल्यासाठी नव्हता, हे कळल्यावर फार लागेल असं तिला वाटलं. तिनं वाटही बघितली. लागलं नाही. उलट, इतके दिवस या फाटकाशी ज्या जागेवर आपण एकट्याच उभ्या आहोत असं धरून चाललो होतो, तिथे बाजूला कुणीतरी आधीपासून उभं होतं, पाठ करून, दुसरीकडे बघत. आणि तो सापडला त्याच मिनिटाला मी त्याचा खांदा गावाच्या हातात दिला.

फोन उजळला. वेसचं नाव आलं. आवाज तिनं मघाशीच बंद केला होता, ओवेन उठू नये म्हणून. नाव नुसतं काचेवर थरथरत होतं. त्यानं ऐकलंय की नाही, तो रागावलाय की टायर झाले एवढंच सांगतोय, काही कळत नव्हतं. तिला त्याला विचारायचं नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं की दिसतं रे तिथून, मी बघितलंय... पण ते आधी म्हणायचं की खांद्याचं आधी, हे ठरेना.

बाहुल्याची मान हलत होती. तिनं ती या वेळी धरली नाही. हात मात्र वर आला, सवयीनं, दोन बोटं, आणि वर आल्यावर तिला कळेना की तो कुणाला दाखवायचा. मग तो तसाच, काचेपलीकडच्या तिसऱ्या मेपलकडे, थोडा वेळ राहिला.