माझ्या खांबावरची गाठ

माझा तंबू जागचा हलला नाही, हे आधीच सांगून ठेवते. चार खांब आणि चार वाळूचे डबे, एकेक इतका जड की उचलताना कमरेत कळ यावी. रंगाचे रिकामे डबे आहेत ते. वाळू मीच भरली आणि झाकणंही मीच ठोकून बसवली. मी चहा-कॉफी विकते. शनिवार-रविवारी मैदानावर बाजार भरतो तिथे जाते, दोन दिवस उकळत्या पाण्याशी खेळते आणि दर वेळी त्या दोन दिवसांचा विमा काढते. आपल्या दुकानामुळे कोणाला इजा झाली तर कंपनीने भरपाई द्यायची, एवढाच त्याचा अर्थ. ओळीतले बाकीचे हसायचे. "ताई चहा कमी आणि कागद जास्त उकळतात," म्हणायचे. हसू देत. उकळतं पाणी कोणाचं नातेवाईक नसतं.

शेजारी माझा धाकटा भाऊ बसतो. कप-बश्या, बरण्या, फुलदाण्या, सगळं मातीचं आणि स्वतः घडवलेलं. चाकावर त्याचा हात असा चालतो की बघत राहावं. चाकावरून उठला की त्याच हातांना काही म्हणजे काही जमत नाही. विमा काढ म्हटलं की त्याच्या कपाळावर आठी. विम्याशिवाय मैदानावर बसू द्यायचं नाही असा नियम आहे, पण आयोजकाने विचारलं तर सांगायचा, "ताईचं आणि माझं एकच दुकान." आयोजकाला आम्ही शिट्टी म्हणतो, कारण ती त्याच्या गळ्यातून कधी उतरत नाही. शिट्टी मान हलवायचा आणि पुढे जायचा. त्यालाही जागा भरलेल्या हव्या असतात.

आता आमच्या ओळीतली एक खोड सांगते. वाळू वाहायचा सगळ्यांनाच कंटाळा. म्हणून जो तो आपला खांब शेजाऱ्याच्या खांबाला बांधतो आणि समजतो, शेजाऱ्याने वजन लावलंच असेल. शेजारीही तेच समजत असतो. त्या शनिवारी धाकट्याचे डबे टेम्पोतच पडलेले, तेही रिकामे. तो दोरी घेऊन आला. "ताई, तुझ्या खांबाला बांधतो. तुझे आहेत की डबे." आयत्या बिळावर नागोबा. मी नको म्हणणार होते. पण पाणी उकळायला आलेलं, समोर गिऱ्हाईक उभं, आणि हा त्या दोरीशी अशी झटापट करत होता की माझं डोकं फिरलं. "दे इकडे," म्हटलं, दोरी हिसकून घेतली, बांधली आणि चहाकडे वळले.

दुपारी वारा सुटला. वादळबिदळ नव्हे, धूळ उडावी इतकाच. पण तंबूच्या पोटात वारा शिरला की तेवढाही पुरतो. धाकट्याचा तंबू उचलला गेला. मोकळा असता तर मागच्या रिकाम्या मैदानात जाऊन पडला असता. पण एक खांब माझ्याकडे बांधलेला, त्यामुळे त्या बाजूने तो डब्याच्या झाकणासारखा उलटला आणि पुढच्या वाटेवर आला. वाटेवर टेलरबाई उभ्या होत्या. हातात एक बरणी होती, घरातलं मीठ तिच्यात मावेल का याचा त्या अंदाज घेत होत्या. लोखंडी खांब त्यांच्या उजव्या मनगटावर बसला. गंमत बघा, धाकट्याचा एक कप फुटला नाही. ती बरणीही बाईंनी डाव्या हाताने पोटाशी धरून ठेवली होती.

टेलरबाई म्हणजे आमच्या भागातल्या निम्म्या लोकांचे कपडे शिवणाऱ्या. बाई एकट्या, खोली भाड्याची, मशीन तेवढं स्वतःचं. डॉक्टरांनी सांगितलं, हाड मोडलंय, काही महिने कात्रीसुद्धा धरायची नाही.

बाजार उठायच्या आत शिट्टी माझ्याकडे आला. "वाऱ्यापुढे कोणाचा इलाज आहे? निसर्गाची करणी. सगळ्यांनी एवढंच बोलायचं." मला कळलं त्याचं. विमा नसलेल्याला आत सोडलं कोणी, असं कोणी विचारलं तर त्याची मान अडकणार होती. तो गेला तर धाकटा आला. चेहरा पांढराफटक. "ताई, तू सांग, तंबू तुझाच होता. कंपनी पैसे देईल, बाईंचं भागेल, मीही सुटेन. कोणाचं काय बिघडतं?"

वड्याचं तेल वांग्यावर. मी गॅस बंद केला आणि विचार केला. शिट्टीचं ऐकावं तर टेलरबाईंच्या हाती काही नाही, वाऱ्याकडून भरपाई कोण वसूल करणार? धाकट्याचं ऐकावं तर ते खोटं. आणि खोटं उघडं पडलं की कंपनी हात झटकणार, म्हणजे पुन्हा बाईंचंच मरण.

"खोटं बोलणार नाही," मी म्हटलं. "आणि बाईंना उघड्यावर पडूही देणार नाही."

"मग करणार काय?"

"ते अजून माहीत नाही. पण दोन्ही करणार."

त्याच्यासमोरच मी कंपनीला फोन लावला आणि सांगितलं, अपघात झालाय, माणूस पाठवा.

रविवारी बाजाराआधी मी टेलरबाईंकडे गेले. मशीनवर चादर टाकलेली. भिंतीच्या दोरीवर अर्धवट शिवलेले कपडे, एका झग्याला एकच बाही. मी बसलेली असतानाच एक जण आपलं कापड परत न्यायला आला. बिचारा ओशाळला होता, पण त्यालाही कुठल्याशा समारंभाला घालायचं होतं. बाईंनी डाव्या हाताने कापडाची घडी घातली, ती नीट होईना, तरी त्यांनी दुसऱ्याला हात लावू दिला नाही. मग डाव्या हातानेच चहा केला. आयुष्यात इतका वाईट चहा प्यायले नव्हते, आणि सगळा प्यायले.

"मला कोणाशी भांडायचं नाही," त्या म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, हात बरा होईपर्यंत माझं कोण बघणार? घरमालक काही माझ्या हाडासाठी थांबणार नाही."

"मी बघते," मी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण एकदा म्हटलं ते म्हटलं.

मैदानावर पोचले. धाकट्याचा तंबू घडी करून बाजूला टाकला होता. काल तो हटवताना कोणीतरी दोरी मधेच कापली होती, तिचं टोक माझ्या खांबाला लोंबत होतं. सोडायला हात घातला आणि तिथेच थबकले. दोन वेढे, टोक मधून काढून खाली ओढलेलं. ही आमच्या बाबांची गाठ. ओझं बांधताना ते अशी मारायचे. त्यांनी आम्हा दोघांना शिकवायला घेतलं होतं, पण धाकटा पळून जायचा. सबंध ओळीत ही गाठ माझ्याशिवाय कोणाला येत नाही.

माझा तंबू हलला नाही, हलला नाही, असं कालपासून घोकत होते मी. नसेल हलला. पण मी ही गाठ मारून दिली नसती तर धाकट्याला झक मारत वाळू भरावी लागली असती. आणि त्याचा तंबू वाटेवर उलटला तो याच गाठीवर. मला भीती वाटली, सरळ सांगते. दोष माझ्या नावावर आला तर कंपनी मला पुन्हा दारात उभं करणार नाही. विमा नाही तर मैदान नाही, आणि मैदान नाही तर माझी चूल कशावर पेटणार?

धाकट्याने माझी नजर पाहिली. "कापून टाक, ताई," तो हळूच म्हणाला. शिट्टीही तिथेच घुटमळत होता. "चिंधीएवढा तो तुकडा. टाका काढून."

"कोणी हात लावला तर गाठ माझ्याशी आहे," मी म्हटलं.

कंपनीचा माणूस आला तो किडकिडीत, बुटांवर धूळ, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. "उडालेला तंबू कोणाचा?"

मी तोंड उघडायच्या आत धाकटा पुढे झाला. "माझा. दुकान वेगळं आहे, विमा काढलेला नाही."

"आणि ही दोरी?"

"मीच बांधली. ताईला पत्ताही नव्हता."

काल माझ्या पदराआड लपणारा हा, आज माझ्यापुढे उभा होता. बरं वाटलं, आणि संतापही आला, कारण हेही खोटंच होतं. हे खरं धरलं तर माझ्या कंपनीचा संबंधच संपला. मग टेलरबाईंनी काय याच्या बरण्या चाटायच्या?

"साहेब," मी म्हटलं, "याचे बूट बघा."

त्याने खाली पाहिलं. दोन्ही नाड्या बुटात कोंबलेल्या.

"चाळिशी उलटली, अजून नाडी बांधता येत नाही याला. ती गाठ माझी आहे."

त्या माणसाने खाली पडलेला दोरीचा तुकडा उचलून धाकट्याला दिला. धाकट्याने खटपट केली, घाम पुसला, परत खटपट केली. दोरी सुटून खाली पडली. मी ती घेतली आणि दुसऱ्या खांबावर गाठ मारून दाखवली. दोन्ही गाठी सारख्याच होत्या. शिट्टीने मान फिरवली.

"ताई, विचार करून बोला," तो माणूस म्हणाला. "हे मी लिहिलं तर जबाबदारीचा वाटा तुमच्यावर येतो."

"यायलाच हवा. विमा त्यासाठीच काढलाय."

"पुढच्या वेळी कंपनी तुम्हाला विमा देईल असं मी सांगू शकत नाही."

"पुढचं पुढे बघू. आधी हे लिहा. आणि याला आत कोणी सोडलं, तेही लिहा." शिट्टीकडे न बघताच म्हटलं मी.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. कंपनीने घोळ घातला. मी दर सोमवारी फोन करायचे. शेवटी तिथली मुलगी माझा आवाज ऐकूनच "चहावाल्या ताई ना?" म्हणायला लागली. मी म्हणायचे, हो, आणि चहा गार होतोय. अखेर माझ्या वाट्याचं सगळं टेलरबाईंना मिळालं. राहिलेलं धाकटा देतोय, कुरकुर न करता. मला विमा मिळाला, पण अट आली. माझ्या खांबाला माझ्याशिवाय कोणाचं काही बांधायचं नाही. शिट्टी आता दोरी दिसली की शिट्टी फुंकतो, आणि ओळीतले बरेच जण माझ्याशी धड बोलत नाहीत. वाळू वाहावी लागते ना.

काही महिन्यांनी धाकटा पुन्हा बाजारात बसला तेव्हा त्याने स्वतःचे डबे भरून आणले होते. स्वतःचा विमाही काढला होता. खांबाला डबा बांधायला बसला आणि तीच झटापट सुरू. दोरी निसटायची, हा पुन्हा धरायचा. माझे हात शिवशिवत होते. मी ते पदराला पुसत राहिले आणि जागची हलले नाही.

टेलरबाई आल्या. मनगट अजून ताठच होतं. त्या वाटेवरच थांबल्या, तंबूच्या सावलीबाहेर, आणि धाकट्याकडे बघत राहिल्या. तो मान वर करत नव्हता. शेवटी कशीबशी एक गाठ बसली. कसली गाठ, नुसता गोळा. टेलरबाई वाकल्या, तो गोळा उजव्या हातात धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओढला. वेदना त्यांच्या चेहऱ्यावर दिसली. गाठ सुटली नाही.

मग त्या तंबूत शिरल्या. "त्या दिवशीची बरणी घरी आहे," त्या म्हणाल्या. "तिचं झाकण इथे राहिलंय."