टकळीसाठी सुचवलेलं पुस्तक

वाचनालयात सगळे तिला वैद्यीणबाई म्हणायचे. नाडी बघून औषध द्यावं तशी ती माणूस बघून पुस्तक द्यायची, म्हणून. खिडकीजवळच्या तिच्या टेबलाशी रांग लागायची. कुणाची सासूशी बोलचाल बंद, कुणाला साहेब पाण्यात बघतोय, कुणाच्या घरात नवं बाळ आणि झोपेचं पार खोबरं. वैद्यीणबाई तीनच प्रश्न विचारायची. कोणासाठी? रोज किती वेळ वाचणार? आणि शेवटी रडू आलं तर चालेल का? बस्स. 'का' हा प्रश्न त्या टेबलावर वर्ज्य होता. माणूस सांगेल तेवढंच आपलं, असा तिचा खाक्या, आणि त्या खाक्याचा तिला तोराही होता.

त्या दिवशी रांगेत तिची वहिनी उभी होती.

एकाच घरात राहणारी, सकाळी एकाच किटलीतला चहा प्यालेली सख्खी वहिनी! इस्पितळातली ड्युटी संपवून, नर्सच्या गणवेशावर स्वेटर चढवून, परक्यासारखी रांगेत.

"अगं, तू इथे कशी?"

"सभासद आहे मी. वर्गणी भरते," वहिनी खुर्ची ओढून बसली. "तीन पुस्तकं हवीत. एक टकळीसाठी. आई घरात नसली तरी घर कसं चालतं, असं काहीतरी. एक माझ्या कामासाठी. नव्या जागी अनोळखी माणसांकडून काम करून घ्यायचं असेल तर उपयोगी पडेल असं. आणि एक घरासाठी, स्वयंपाकाचं. पण अगदी पाणी उकळायचं कसं तिथपासून हवं."

टकळी म्हणजे वहिनीची लेक. सकाळी डोळे उघडल्यापासून तिची जी टकळी चालू व्हायची ती थेट झोपेपर्यंत, म्हणून हे नाव.

"शेवटी रडू आलं तर?" वैद्यीणबाईने कसंबसं विचारलं.

"टकळीच्या पुस्तकात नको गं. मी जवळ नसेन डोळे पुसायला."

झालं! वैद्यीणबाईने सुतावरून स्वर्ग गाठला. ही घर सोडून चालली. दादाला टाकून चालली, पोरीला टाकून चालली, आणि जाताना सामान बांधायला नणंदेचीच मदत घेतेय! 'का' हा एवढासा शब्द जिभेच्या टोकावर आला होता. विचारला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण नाही, नियम म्हणजे नियम! बाई उठली आणि कपाटाकडे गेली.

कामाचं पुस्तक तिने चोख दिलं. स्वयंपाकाचंही दिलं. टकळीच्या पुस्तकाशी मात्र तिचा हात थबकला. हवं तसं पुस्तक समोरच होतं, छान, हसरं. ते सोडून तिने खालच्या फळीवरचं ओढलं. त्यातल्या मुलाची आई दूरगावी निघते, तेव्हा तो बोलणंच टाकतो. महिनोन्महिने तोंडातून शब्द नाही. शेवटी आई सगळं सोडून धावत परत येते. मायलेकी मिळून वाचतील, वहिनीचं काळीज हलेल आणि पाऊल अडेल, असा वैद्यीणबाईचा हिशेब होता. इतक्या वर्षांत तिने जाणूनबुजून चुकीचं पुस्तक कुणाला दिलं नव्हतं. वहिनीने ते उघडूनही पाहिलं नाही. "तू निवडलंस ना, मग झालं," म्हणाली आणि पिशवीत टाकलं.

घरी दादा खुशीत होता. स्वयंपाकाचं पुस्तक ओट्यावर टेकवून त्याने भात लावला आणि पातेल्याच्या बुडाला करपवला. वर म्हणतो, "पुढच्या वेळी बघ!" बिचाऱ्याला पत्ताच नाही, असं वाटून वैद्यीणबाईने करपलेला भातही दुसऱ्यांदा वाढून घेतला.

मग दोन दिवसांनी जेवताना त्याने स्वतःच सांगून टाकलं.

"आमचा छापखाना बंद पडला. मशिनं विकायला काढलीत. तुला बोललो नाही, कारण तू घर डोक्यावर घेतलं असतंस. हिला दुसऱ्या शहरात इस्पितळाचा अख्खा विभाग सांभाळायला मिळतोय. वर्षभर. मी घर बघेन, पोरीला बघेन. आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय."

वैद्यीणबाईला आधी हायसं वाटलं. लगेच लाज वाटली. आणि मग तिचं लक्ष टकळीकडे गेलं. पोरीने ताट बाजूला सारलं होतं आणि ती ओठ घट्ट मिटून आईकडे एकटक बघत होती.

त्या रात्रीपासून टकळीच्या तोंडाला कुलूप. शाळेतून बाईंचा निरोप आला, पोरगी हजेरीलाही 'हो' म्हणत नाही. दादाने गोष्टी सांगितल्या, विनवण्या केल्या, एकदा आवाजही चढवला. वहिनी तिला कुशीत घेऊन बसायची, तर ही मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प. घरात नुसती भांडी वाजायची. वैद्यीणबाईचं तर धाबं दणाणलं होतं. हे मौन कुठून आलं ते घरात तिलाच ठाऊक होतं. रोज ती ठरवायची, आज सांगू. रोज ते उद्यावर ढकलायची.

निघायच्या आदल्या दुपारी वहिनी भरलेली बॅग रिकामी करताना दिसली. घडी घातलेले गणवेश एकेक करून पुन्हा कपाटात.

"हे काय?"

"नाही जात मी. संध्याकाळी फोन करून नाही म्हणून सांगते," वहिनीचे हात थांबले नाहीत. "पोरीची वाचा गेली, ताप असता तर औषध तरी दिलं असतं. नोकरीचं काय, त्या जागी घेतील दुसऱ्या कुणाला."

"पण दादाचं काम गेलंय..."

"मला माहीत नाही का ते?" वहिनी एवढ्या जोरात ओरडली की स्वयंपाकघरातला दादा दचकून बाहेर आला.

वैद्यीणबाई तडक आतल्या खोलीत गेली. टकळी पलंगावर पालथी पडली होती. उशीखालून पुस्तकाचा कोपरा डोकावत होता. बाई खाली फरशीवर बसली.

"टकळे, हे पुस्तक मी तुला चुकीचं दिलं. चुकून नाही, मुद्दाम. गप्प बसून आया परत येतात, हे त्या गोष्टीत ठीक आहे. इथे तुझी आई गेली नाही तर या घराचे हाल होतील. आणि ती तुला टाकून जात नाहीये गं. वर्षभराने येणार आहे."

पोरगी उठून बसली. मग घोगऱ्या आवाजात, गंज चढल्यासारखा एकच शब्द आला.

"का?"

ते पुस्तक दादासाठी दिलं, असं म्हणता आलं असतं. तुझ्यासाठी, असंही म्हणता आलं असतं. पण पोरीपुढे खोटं बोलायची हिंमत होईना.

"कारण मला तुझी आई जायला नको होती. मला. दिवसभर लोकांची दुखणी ऐकते मी, पण माझं कोण ऐकतं? तीच एक. ती गेली की मी कुणाशी बोलू?"

मागे दारात वहिनी उभी होती. कधी आली कोण जाणे. तिचा चेहरा संतापाने लाल झाला होता.

"उघडूनसुद्धा पाहिलं नाही मी ते पुस्तक," ती म्हणाली. "तू दिलंस म्हणून."

वैद्यीणबाईने पुस्तक उशीखालून काढून फरशीवर ठेवलं.

टकळी पलंगावरून उतरली, आईजवळ गेली आणि तिचा पदर धरून म्हणाली, "आई, बॅग भर ना परत. उद्या गाडी चुकेल." वहिनी तिथेच खाली बसली आणि पोरीला छातीशी धरून ओक्साबोक्शी रडायला लागली. दादा दारात उलथनं हातात घेऊन नुसता उभा.

वैद्यीणबाई पुस्तक उचलून निघाली, तशी मागून हाक आली.

"आत्या, मला दुसरं दे."

"कोणासाठी?" सवयीने तोंडातून गेलंच.

"तुझ्यासाठी आणि माझ्यासाठी. आपण दोघींनी वाचायचं."

"रोज किती वेळ?"

"आईचा फोन येईपर्यंत."

रडू येण्याचा तिसरा प्रश्न काही केल्या वैद्यीणबाईच्या तोंडून फुटेना. आत्याचे तिन्ही प्रश्न टकळीला पाठ होते; तिच्या तोंडाकडे बघून ती आपणच म्हणाली, "चालेल."