न धुतलेला तुकडा

मी मातीच्या एका जुन्या तव्याचा तुकडा आहे, मित्रांनो. कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका बेटावर, तिथल्या मूळ कालिनागो लोकांपैकी एका बाईनं मला हातानं थापून भाजलं होतं. माझ्यावर कसावा नावाच्या कंदाच्या भाकऱ्या व्हायच्या, घरभर वास सुटायचा. मग एकदा मी फुटलो आणि चुलीच्या राखेतच गाडला गेलो. वरून किती पिढ्या चालून गेल्या, कोण जाणे!

मग थिओफिला डारू आली. ती याच गावची कालिनागो लेक, पुरातत्त्व शिकून परतलेली. आमची टेकडी फोडून मोठा रस्ता काढायचं घाटत होतं. रस्त्याचे सरकारी साहेब म्हणाले, "इथं पूर्वी कुणी राहतच नव्हतं. पुरावा असेल तर दाखवा."

थिओफिलानं टोपलीभर खापरं खणून काढली आणि साहेबांना दाखवायला ओडिलियामावशीच्या ओसरीवर ठेवली. मावशीनं काय करावं? राखेनं घासून सगळी लख्ख केली! पाहुण्यापुढे खरकटं भांडं तिच्या घरात कधी गेलंच नव्हतं.

"मावशी, अगं काय केलंस हे! तो जळका थरच तर पुरावा होता. भाकरीचे कण होते त्यात."

"मला काय ठाऊक, पोरी? मोठी माणसं येणार म्हणालीस. काळीकुट्ट भांडी ठेवू पुढ्यात? नाक कापलं गेलं असतं गावाचं!"

थिओफिला हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. डोळे पुसून ती पुन्हा खड्ड्यात उतरली. तिची माती खरवडायची थापी मला लागली. माझा जळका थर शाबूत होता. तिनं मला राखेसकट उचललं. तपासणीत कसावा निघाला आणि रस्ता दुसरीकडून गेला.

तिनं टेकडीखाली छोटं संग्रहालय उभारलं. तिथंच ती मुलांना भाकरी थापायला शिकवायची. "आपण कालिनागो संपलो म्हणतात. संपलो का रे?" ती विचारायची, आणि मुलं "नाही!" म्हणून ओरडायची. झाडपूस मावशीकडे होती. माझ्यापाशी आली की ती फडकं पाठीमागे धरायची.

मागच्या महिन्यात थिओफिला हे जग सोडून गेली. मला फार एकटं वाटलं. तिचा भाऊ तिची थापी घेऊन नळाकडे निघाला, संग्रहालयात ठेवण्याआधी धुवायला.

"खबरदार!" मावशी कडाडली. "नळ बंद कर आधी. तिनं खणलेली माती आहे ती."

थापी आता माझ्या शेजारी आहे, मातीसकट. मित्रांनो, जुनं काही हाती आलं तर लगेच घासायला घेऊ नका. त्याच्यावर कुणाचं काय राहिलंय, ते आधी विचारा.