वस्तऱ्याखालची पाने

मी एक जुनी पाणवनस्पती आहे. केस कापायच्या दुकानातल्या काचेच्या टाकीत, एका काळ्या दगडाला धरून मी सारे आयुष्य काढले. मला मुळे आहेत पण माती नाही, पाने आहेत पण वारा नाही, आणि मित्रांनो, जीभ तर देवाने मुळीच दिली नाही. तरी आज सांगते. ज्याच्या अंगावर वस्तरा फिरला आहे त्याने किती दिवस गप्प बसायचे?

दुकान दोघा भावांचे. थोरले दादा दाराजवळच्या खुर्चीवर काम करत, धाकटा आतल्या खुर्चीवर. धाकट्याला सगळे वस्ताद म्हणत, कारण वस्तरा त्याच्या हातात आला की भल्याभल्यांचे गाल लोण्यासारखे होत. मला इथे आणले दादांनी. शिवणाच्या दोऱ्याने त्यांनी मला दगडाला बांधले, तेव्हा वस्ताद म्हणाला, "कशाला एवढा खटाटोप? खोच की वाळूत."

"हिचं खोड पुरलं की सडतं," दादा म्हणाले. "तुझ्यासारखीच आहे ही. नुसती धरून ठेवायची. दाबायला गेलं की बिघडते."

फार सुखाचे दिवस होते ते. मी सावकाश वाढणारी. एक पान उलगडायचे आणि मग किती तरी दिवस त्याच पानाचे कौतुक. दाढीला बसलेली माणसे मान न हलवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला बघायची. "रबराचं झाड आहे का हो?" असे कोणी विचारले की दादा खुदकन हसायचे.

मग एका दुपारी दादा हातात कंगवा घेऊन आपल्याच खुर्चीत बसले, ते पुन्हा उठले नाहीत.

वस्तादने दादांची खुर्ची माळ्यावर टाकली. पण त्यांचा आरसा काही त्याला टाकवेना. माणसाच्या उंचीचा होता तो. त्याने तो माझ्या टाकीसमोरच्या भिंतीवर टांगला, म्हणजे दुकानात कुठेही उभे राहिले तरी दादांची टाकी दिसावी. प्रेमाने केले हो. पण त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले.

दुपारी दारातून ऊन आत यायचे, आरशावर आदळायचे आणि तिथून भाल्यासारखे थेट माझ्या पोटात घुसायचे. तुम्ही म्हणाल, झाडाला ऊन नको का? हवे ना. पण अन्न गोड असते म्हणून कोणी ते नरड्यात कोंबत नाही. मला जेवढा उजेड पचला तेवढा मी घेतला. उरलेल्या उष्ट्यावर जेवायला शत्रू आला.

आधी एका पानाच्या काठावर एकच काळा केस उगवला. मग झुबका. मग प्रत्येक पानाला काळी, राठ दाढी. हे शेवाळ मऊ नसते, मित्रांनो. ते पानाला आवळते, त्याचा श्वास कोंडते आणि ते मरेपर्यंत सोडत नाही. माझ्या शेजारी एक बारीक पानांची नाजूक पाणवनस्पती होती. तिला त्याने माझ्या डोळ्यांदेखत गळा दाबून मारले. ती कुजून तळाशी पडली, आणि तिच्या हाडांवरही दाढी उगवली.

वस्तादच्या डोळ्यांत अंगार पेटला. "दाढीच आहे ना ही?" तो म्हणाला. "आजवर कुठली दाढी माझ्यापुढे टिकली?"

त्याने मला दगडासकट बाहेर काढले, टॉवेलवर आडवे पाडले आणि माझ्यावर वस्तरा चालवला. पाने चिरली. काठ तुटले. माझा हिरवा रस टॉवेलभर झाला. आणि हात सवयीचा ना! प्रत्येक फटक्यानंतर तो वस्तरा पाण्यात खळखळायचा. कुठल्या पाण्यात? माझ्याच टाकीत. कापलेला एकेक केस पोहत गेला आणि नव्या पानाला चिकटला. आठवडा गेला नाही तोच दाढी दुपटीने आली.

मग त्याने मला फरशी धुवायच्या औषधात बुडवले. किती घ्यायचे, किती वेळ ठेवायचे, काही माप नाही. कातडी सोलावी तशी माझी पाने पांढरी होऊन गळली. मग त्याने शेवाळ खाणारा म्हणून एक मोठा मासा आणून सोडला. त्या राक्षसाने शेवाळाला तोंडसुद्धा लावले नाही. त्याने दादांनी टाकीत पाळलेल्या इवल्या माशांचे कल्ले फाडले, शेपट्या तोडल्या. सकाळी वर तरंगत होते ते नुसते तुकडे.

वस्तादची बायको दुकानातले टॉवेल धुऊन वाळवायची. गिऱ्हाइके तिला वहिनी म्हणत. ती एक दिवस म्हणाली, "अहो, ते झाड आहे. भाऊजी नाहीत ते. किती छळाल त्याला?"

"दादाचं एवढंच जिवंत उरलंय," तो म्हणाला. "हे मेलं तर दुकानात मी कुणाकडे बघू?"

"माझ्याकडे बघा. मीही हिरवी साडी नेसते."

तो हसला नाही.

तेव्हा माझ्याकडे दादांच्या वेळचे एकच पान शिल्लक होते, आणि खोडाच्या टोकाला एक कोंब, मिटलेला. त्याच्यावरही काळा केस दिसू लागला होता.

त्याच दुपारी नेहमीचा पोस्टमन दाढीला आला. स्वभावाने मोकळा, पण जिभेला लगाम नाही. "काय वस्ताद, जगाच्या दाढ्या उतरवतोस आणि घरात ही जोपासतोस होय? दादा असता तर..."

तो थांबला, पण उशीर झाला होता. वस्तादने वस्तरे उकळायचा जड स्टीलचा डबा उचलला आणि माझ्या टाकीवर उगारला. मी समजले, संपले. वहिनींनी धावत येऊन त्याचा दंड ओढला. तो गर्रकन फिरला, आणि समोर दादांच्या आरशात त्याला स्वतःचा चेहरा दिसला. डबा त्या चेहऱ्यावर जाऊन बसला.

आरसा फुटला तो आवाज पाण्यातून माझ्या मुळांपर्यंत आला. काचेची पाती सुटली. एक त्याच्या मनगटात घुसले आणि रक्ताची धार टाकीच्या काचेवर उडाली. पोस्टमन अर्ध्या फेसानिशी उभाच राहिला. वहिनींनी टॉवेल आवळून बांधला.

"मारायचं होतं कुणाला?" त्यांनी हळूच विचारले.

"दादाला," वस्ताद म्हणाला. "न सांगता गेला तो." आणि एवढा दांडगा माणूस काचांमध्ये बसून लेकरासारखा रडला.

मनगटाला टाके पडले. वस्तरा बंद. माझ्याकडे यायला हातच उरला नाही. समोरची भिंत उघडी, तिच्यावर नुसता एक खिळा. दुपार झाली, ऊन आले, भिंतीवर पडले आणि तिथेच राहिले. भाला आला नाही. पुढेही आला नाही.

हळूहळू ती काळी दाढी तांबूस झाली, मग राखेसारखी. एक दिवस वस्तादने डाव्या हाताने सहज बोट लावले, तर झुबका आपसूक गळून पडला. माझा कोंब उघडला. कोवळे, लखलखीत पान!

पोस्टमन खुर्चीत बसून म्हणाला, "तो आरसा गेला ते एक बरं झालं बाबा. दुपारी इथून जाताना डोळ्यांत सुरी खुपसल्यासारखं व्हायचं."

वस्तादच्या हातातला ब्रश थांबला. त्याने दाराकडे पाहिले, खिळ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. बोटाने हवेत उन्हाची वाट काढली. "म्हणजे मीच टांगला, आणि मीच..."

"आणि फटके दाढीला," वहिनी म्हणाल्या. या वेळी तो हसला.

मग दुखऱ्या हाताने त्याने माझा सैल झालेला दोरा सोडला आणि नवा बांधला. हलक्या हाताने, दादांसारखा.

मित्रांनो, घरात झाड असो की माणूस, त्याच्या अंगावर काळे उगवले की आधी हत्यार शोधू नका. नको तो उजेड कुठून येतो आहे, ते शोधा. बहुतेक वेळा तो आपणच प्रेमाने टांगलेला असतो. मुळावर घाव घालणारे पुष्कळ, मुळाशी जाणारा एखादाच. तुम्ही तो एखादा व्हा, एवढेच मागते.

त्या खिळ्यावर आता दादांचा कामाचा पांढरा कोट टांगलेला आहे. दुपारचे ऊन त्याच्या खांद्यावर येऊन बसते आणि तिथेच निवते.