जावयाची अवजारं

वामन सुताराच्या जावयानं पाडव्याच्या दिवशी भर आंगनात अवजारांची पेटी पायानं सारली, तव्हा मी शेजारी म्हनून तिथंच पाटावर बसेल होतो. हातातली करंजी मी परत ताटात ठेवली.

छप्पन साली दिवाळी अन् नवं राज्य एकाच टायमाले आलं. राजधानी म्हनून नागपूर सुटलं, भोपाळ लागलं. जावई नंदकुमार बुऱ्हाणपूरले कचेरीत कारकून. त्याचा बापही सुतारच, पन हा चार बुकं शिकला अन् भोपाळची खुर्ची आपल्याचसाठी पुसून ठेवेल हाय, असा चालाले लागला.

वामननं दिवाळसणासाठी तीन महिने खपून ती पेटी केली होती. रंधा, करवत, रुंद पात्याची पटाशी, लाकूड तासायचा वाकस, गिरमिट. पाती लोहारापुढं बसून घडवून घेतली. मुठी शिसवीच्या, अशा गुळगुळीत की हातात घेतली तं सोडावं वाटू नये. सुतारायची रीतच होती, पहिल्या दिवाळीले जावयाले अवजारं द्यायची. वामनलेही त्याच्या सासऱ्यानं दिली होती.

वामनच्या पोरीनं, कोकिळेनं, नवऱ्याले ओवाळलं. वामननं पेटी पुढं ठेवली. नंदकुमारनं झाकन उघडलं अन् उंदीर मरेल दिसावा तसं नाक मुरडलं.

"ये क्या है, मामा?"

"अवजारं हायेत, जावईबापू. मुठी तुमच्या हाताच्या मापानं केल्या."

"माझ्या हातात कलम असते. मी घड्याळाचं बोललो होतो ना? आता हापिसात काय सांगू, ससुराल से ये वाकस, बसूला मिला?"

अन् सारली पायानं पेटी. दसऱ्याले ज्याले आपन हळद-कुंकू लावतो, त्याले पाय! वामननं वाकून पेटीले हात लावला, तो कपाळाले लावला.

तेवढ्यावर भागतं तं बरं होतं. निघताना नंदकुमारच्या चपलेले केळीच्या वाफ्यातला काळा गारा लागेल होता. या पठ्ठ्यानं पेटीतली नवी कोरी पटाशी काढली अन् तिनं चप्पल खरवडली. मंग म्हने, पेटी गाडीत टाका. नावंबी ठेवायची अन् न्यायचीबी!

"लाज इकून खाल्ली का रे यानं?" मी म्हनलो.

वामनची बायको सरुबाई दाराआडून बोलली, "हळू बोला, कडूभाऊ. पोर त्याच्या दावनीले बांधेल हाय."

दीड महिन्यानं मी केळीची गाडी घेऊन बुऱ्हाणपूरले निघालो, तं वामन संगं आला. म्हने, पोरीले पाहून येतो. केळी इकून आमी शनवारा मोहल्ल्यात जावयाच्या दारी गेलो.

दारातच मोरी. तिथं नंदकुमारची माय कमल उकिडवी बसून मोरीतला काळा गाळ काढत होती. कशानं? पटाशीनं. शिसवीची मूठ त्या बुळबुळीत घानीनं माखेल. वामन मोरी ओलांडून आत गेला.

आतल्या खोलीत खुर्चीवर एक सायेब चहाची वाट पाहत बसेल होता. आमाले पाहून नंदकुमार ताडकन उठला. सासऱ्याचं धोतर पाह्यलं, पायाची धूळ पाह्यली.

"साहब, ये हमारे गाँव का बढ़ई है. पलंग ठीक करने बुलाया था."

पलंगाचा एक पाय खरंच मोडेल होता. त्याच्याखाली टेकू म्हनून रंधा सारेल. मी तोंड उघडलं, तं वामननं माझा हात दाबला.

"व्हय," वामन म्हनला. "पलंगच नीट कराले आलो."

तेवढ्यात कोकिळा चहा घेऊन आली. गळ्याची हाडं वर आलेली, डोळे खोल गेलेले. बाप जमिनीवर बसून पलंगाचा पाय चाचपतो हे तिनं पाह्यलं, अन् ती कपबशा घेऊन तशीच बापाकडं वळली. वामननं मान हालवून तिले गप राहा म्हनलं.

तिनंच मंग अवजारं आनून दिली. करवतीले गंज चढेल. वाकसनं कोळसे फोडेल, धारेचे दात पडेल. तशाच अवजारांनी वामननं पाचर घडवली, पाय ठोकून बसवला, पलंग हालवून पाह्यला. जागचा हालेना.

सायेब खुश झाला. "बढ़िया काम है. मजदूरी दे दो भाई."

नंदकुमारनं खिशात हात घातला.

"पैसा नको, सायेब," वामन म्हनला. "हे जुनं सामान द्या. इथं कोनाच्या कामाचं नाई."

"तो दे दो, दे दो!"

देल्ली भेट माघारी घेता येत नाई. पन मजुरी घेता येते. नंदकुमारचं तोंड असं झालं जसं घोटभर एरंडेल पाजलं. सायेबापुढं बोलतो काय? वामननं मोरीजवळची पटाशीही उचलली अन् आमी निघालो. कोकिळा दाराच्या चौकटीले धरून उभी होती.

तापीच्या काठी वामननं गाडी थांबवाले सांगितली. वाळू घेऊन पटाशी घासली. हुंगली. पुन्हा घासली. मंग स्वतःचे हात घासले, हुंगले, पुन्हा घासले. मी म्हनलो, "झालं की आता, गेला वास."

तो तसाच पान्यात उभा राहिला.

"कडूभाऊ, लोखंड सोडवून आनलं मी. अन् पोरगी तिथंच ठेवून आलो. थू माझ्या जिनगानीवर!"

मी गाडीत चढलो. बैल माघारी फिरवले.

जावयाच्या दारी पोचलो, तव्हा सायेब गेला होता. वामन दारातूनच बोलला, "कोकिळे, चाल."

कुठी, काऊन, काई इचारलं नाई तिनं. पायात चपला घातल्या.

"मामा, लोग क्या कहेंगे?" नंदकुमार कुरकुरला.

कमल हात पुसत आली. "आठ दिवसांत आनून सोडा. घरात कामं पडेल हायेत."

"तिले यायचं असंल तं येईल," वामन म्हनला.

गाडी वेशीबाहेर पडली. मागं कोकिळेजवळ इकून उरलेली केळ्याची एक फणी पडेल होती. थोड्या वेळानं मागून साल सोलल्याचा आवाज आला. मंग दुसऱ्या केळ्याचा. मंग तिसऱ्या. मंग चवथ्या.

आमी दोघं बैलायच्या शिंगांकडं पाहत बसलो. मागं वळून कोनीच पाह्यलं नाई.