पुढच्याची मोळी

जॉर्जेत लाकडांची ढकलगाडी घेऊन गावच्या दगडी भट्टीपाशी पोचली आणि तिचं डोकंच फिरलं. भट्टीपुढे लाल दोरी! अन् आत तिचीच द्राक्षवेलीच्या काटक्यांची मोळी, सोनेरी रिबीन बांधून नवरीसारखी नटवलेली.

ब्युजे मुलखातल्या त्या गावाची रीत साधी होती. भट्टीत पाव भाजून जाताना पुढच्यासाठी एक मोळी ठेवायची, म्हणजे येणाऱ्याला जाळ धरायला अडत नाही. ही मोळी जॉर्जेतनेच ठेवली होती आणि मधे कुणी फिरकलं नव्हतं, म्हणून आज पुन्हा तीच आली होती. घरी गॅलेटचं, म्हणजे चपट्या गोड पावाचं, पीठ फुगत होतं.

शेजारी लाकडी पाटी होती: ‘येथे पूर्वी गावातील स्त्रिया पाव भाजत.’

"पूर्वी?" ती कडाडली. "तिबो! इकडे ये आधी. मेले का रे मी?"

तिबो गावचा महापौर, पण तिच्या भावाचा मुलगा. गावचा जुना वारसा पाहायला आलेल्या पाहुण्यांना तो प्लॅस्टिक फाडून गॅलेट वाटत होता. धावत आला.

"आत्या, हळू बोल ना! लोक बघताहेत."

"बघू देत! कारखान्यातलं खायला घालतोस, तेही भट्टीसमोर? लाज कशी वाटत नाही मेल्या?"

"आता ही ऐतिहासिक वास्तू आहे. सोमवारी लोखंडी जाळी बसणार. जाळ कायमचा बंद." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "आणि खरं सांग, तुझ्याशिवाय पेटवतं कोण?"

हे मात्र तिला झोंबलं, कारण खरं होतं. पण खरं असलं म्हणून काय झालं? एक माणूस भाजतंय तोवर भट्टी जिवंत, एवढंही या शहाण्याला कळू नये! तिने दोरी उचलली आणि वाकून खालून पलीकडे गेली. रिबीन ओरबाडून काढली, मोळी पेटवली, वर लाकडं रचली. मग पाटी उपटली.

"आत्या, ती सरकारी आहे!"

"सुकलेली आहे, छान जळेल," म्हणत तिने पाटी जाळात सारली.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमातलाच भाग वाटला. जॉर्जेतला त्यांचाही संताप आला, पण पीठ थांबणारं नव्हतं. तिने घरून ते आणलं, दुपारी निखारे बाहेर ओढले आणि साय-साखर पसरलेल्या गॅलेट आत सोडल्या. वास सुटला तशी दारं उघडली. वर्षानुवर्षं न फिरकलेले शेजारीही हात पुसत आले. प्लॅस्टिकातल्या तशाच पडून राहिल्या.

तिबो सगळ्यांच्या मागे उभा होता. शेवटी त्यानेही तुकडा उचलला, बोटं भाजून घेतली आणि निमूटपणे खाल्ला.

"गोड लागली?"

"लागली, आत्या."

"भट्टी रिकामी आहे. खाल्लंस ना? मग ठेव पुढच्याची मोळी."

"पण सोमवारी जाळी..."

जॉर्जेतने हात कमरेवर ठेवले. नुसती बघत राहिली. सगळं गावच बघत होतं.

तिबो चकचकीत बुटांनी द्राक्षमळ्यात उतरला आणि कवेत काटक्या घेऊन आला. बांधायला काही सापडेना. मग त्याने भट्टीपुढची लाल दोरी सोडली, तिनेच मोळी आवळली आणि आत ठेवली.