भांडे घासले

"मॅडम, ही गाडी आहे की बंब?"

पीयूसीच्या टपरीवरच्या माणसाने तिसऱ्यांदा नळी बाहेर काढली. रांगेतल्या स्कूटरवाल्याने हसून घेतलं. मी जीपच्या सायलेन्सरमधून निघणाऱ्या काळ्या धुराकडे बघत राहिले. बुधवार होता. शुक्रवारी आरटीओत तपासणी. नोंदणी पाच वर्षांसाठी वाढली नाही, तर जीप भंगारात जाणार होती. सोसायटीने तशी नोटीस लावून तारीखही दिली होती.

जीप बाबांची. पाटबंधारे खात्यात ते उपअभियंता असताना हीच त्यांच्या दिमतीला होती, आणि एकोणनव्वद साली ते निवृत्त झाले त्याच वर्षी ती लिलावात निघाली. त्यांनी बोली लावून घेतली. "लोक निवृत्तीनंतर खातं सोडतात, यांनी घरी आणलं," असं आई म्हणायची. आई गेल्यावर चार वर्षं बाबा बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये एकटे राहिले. या मार्चमध्ये, पाच महिन्यांच्या आजारपणानंतर, तेही गेले.

एप्रिलपासून मी ती जीप ऑफिसला नेत होते. हिंजवडीपर्यंत सगळा रस्ता खोदलेला. जूनमध्ये ती धूर ओकू लागली, तेव्हा मी बाबांच्या डायऱ्या पुन्हा काढल्या. दूध, गॅस, औषधं, जीप, सगळं एकाच डायरीत, एकाच बारीक अक्षरात. ब्रेक ऑइल टाकले. विमलाबाई आजारी, आली नाही. ग्रीसिंग केले. एअर फिल्टरबद्दल मात्र पंधरा वर्षांत एक अक्षर नव्हतं. इतका काटेकोर माणूस आणि नेमकं हेच विसरला, म्हणून मला रागच आला. त्यामुळे वारज्याच्या गॅरेजवाल्या जयसिंगने "ही जुनी सिस्टीमच काढून टाकू, कागदाचा फिल्टर बसवू" म्हटल्याबरोबर मी हो म्हणून मोकळी झाले. पहिल्यांदा नळी बसेना, मग क्लॅम्प मिळेना. चार दिवस गेले. सगळं बसलं, आणि धूर दुप्पट झाला.

डायरीत आणखी एक नोंद होती. एक रविवार सोडून एक रविवार: भांडे घासले. हॉस्पिटलात जाण्याच्या आठवड्यापर्यंत. ही मला पुढे वाचवत नव्हती. सत्तरी ओलांडलेला माणूस, मोरीत बसून, एकट्याचं एक भांडं घासतोय. मी त्या रविवारीही कुठल्यातरी प्रोजेक्टच्या डिलिव्हरीवर. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाबांकडे धुणीभांडी करणाऱ्या विमलाबाईंना विचारलं होतं, "रविवारी दांडी मारत होतात का?"

त्यांनी पदराला हात पुसले. "ज्यांनी लिहिलंय त्यांना विचारायचं होतं, ताई." दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

टपरीवरून मी जीप तशीच नाना पेठेत मैनुद्दीनचाचांकडे घेतली. ते बाबांच्या खात्याच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून आधी त्रास दिला नव्हता. काळा चष्मा लावून ते दारात खुर्चीवर बसले होते. मी ब्रेक लावायच्या आत त्यांनी हात वर केला.

"बंद करा, बंद करा! गुदमरतेय ती." उठून त्यांनी बॉनेट उघडलं आणि नव्या डब्यावर बोट वाजवलं. "बाळाचं टोपडं म्हशीला घातलंय. कुणाची हुशारी?"

"माझीच. चाचा, बाबांनी पंधरा वर्षांत फिल्टर साफच केला नव्हता. डायरीत नोंदच नाही."

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "साहेबांनी? दर पंधरा दिवसांनी घासायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत. भांडं कुठंय?"

"कुठलं भांडं?"

"अहो, भांडं! फिल्टरचं. तळाला तेल असतं, हवा तेलावरून जाते, धूळ तेलात बसते. खात्यात आम्ही सगळे भांडंच म्हणायचो. फिल्टर म्हणणारा एकच, आमचा स्टोअरकीपर. त्याला मागणी इंग्रजीत लिहावी लागायची." ते थांबले. "टाकलंत की काय?"

टाकलं नव्हतं. जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय गॅरेज सोडायचं नाही, हा बाबांचा नियम. "लोणचं घालणार का मॅडम?" असं जयसिंग म्हणालाही होता. तो पार्ट घातलेलं पोतं जीपमध्ये मागेच पडलेलं होतं.

चाचांनी त्यातून ते काढलं आणि झाकण फिरवलं. आत तेल नव्हतंच, काळा चिखल होता. त्यांनी त्यात बोट बुडवून मला दाखवलं. "ही साहेबांची धूळ नाही. ही ताजी आहे."

हिंजवडीची होती. इतके महिने मी चुकीच्या भांड्यासाठी झुरत होते, आणि बरोबरचं माझ्याच हातून असं भरलं होतं. हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बाबा एक शब्द जास्त लिहिते तर काय बिघडलं असतं, एवढंच डोक्यात येत राहिलं.

"घासा," चाचा म्हणाले आणि रॉकेलचा डबा माझ्यापुढे सरकवला.

मी पायरीवर बसून घासलं. ब्रशचे केस गळत होते, जाळीतली घाण निघता निघत नव्हती, कुर्त्याची बाही काळी झाली. दोनदा दाखवलं, दोनदा परत आलं. तिसऱ्यांदा त्यांनी तेल ओतायला दिलं. "खुणेपर्यंत. वर नाही. साहेब वाकून बघायचे." मी वाकून बघितलं.

नवा डबा काढून चाचांनी भांडं जागेवर बसवलं. गुरुवारी टपरीवाल्याने नळी घातली, आकडा बघितला, पुन्हा बघितला. "बंब विझला वाटतं," म्हणाला आणि शिक्का मारला. शुक्रवारी आरटीओच्या साहेबांनी चासी नंबरसाठी पाऊण तास घालवला, इंजिनाकडे बघितलंही नाही. जीप पास झाली.

परतताना मी ती विमलाबाईंच्या गल्लीच्या तोंडाशी उभी केली. त्या दारात मेथी निवडत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत.

"विमलाबाई, ते भांडं गाडीचं होतं."

"माहितीये. दर खेपेला मोरीत रॉकेलचा वास. सोमवारी मीच धुवायची."

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

त्यांनी एक काडी मोडून बाजूला टाकली.

"तुम्ही भांडं कुठं विचारलंत? तुम्ही दांडी विचारलीत."